वाईट दिवशीही जमेल एवढीच बाग: फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी पहिल्या कुंडीपासून

बाबा गेले त्याच्या पुढच्या वर्षी माझी झोप उडाली. रात्री दोनला जाग यायची आणि पहाटेच्या लोकलचा आवाज कानावर येईपर्यंत छताकडे बघत पडून राहायचं. डॉक्टरांच्या गोळ्या सुरू झाल्या, समुपदेशनही सुरू झालं. तिसऱ्या की चौथ्या भेटीत समुपदेशक ताई म्हणाल्या, "डोकं फार दमलंय तुमचं. हातांना काहीतरी द्या. एखादी कुंडी लावून बघा." एखादी, असं त्या म्हणाल्या होत्या. मी रविवारी घोडबंदर रोडच्या नर्सरीतून एकदम चौदा रोपं घेऊन आले. दोन महिन्यांत त्यातली अकरा मेली, आणि प्रत्येक मेलेल्या रोपाबरोबर मला वाटत गेलं की आपल्याला हेही जमत नाही.

नंतर मी एका पसरट टबात मेथी पेरली आणि तिथून खरी सुरुवात झाली. आज पाच वर्षांनी माझ्या ठाण्याच्या फ्लॅटच्या बाल्कनीत अकरा कुंड्या आहेत. औषध डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे हळूहळू बंद झालं, बाग राहिली. त्या चौदा रोपांसारखा रविवार तुमच्या वाट्याला येऊ नये म्हणून हे सगळं क्रमाने लिहिते आहे.

झाडांनी मनाला बरं वाटतं ही नुसती भावना नाही. १९८४ मध्ये रॉजर उलरिच या अमेरिकन संशोधकाने पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी तपासल्या होत्या. ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती ते, समोर विटांची भिंत असलेल्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकंही कमी लागली. २०११ मध्ये नेदरलँड्समधल्या एका छोट्या प्रयोगात ३० जणांना आधी मुद्दाम ताण येईल असं काम दिलं, मग अर्ध्यांना अर्धा तास बागकाम करायला लावलं आणि अर्ध्यांना वाचत बसवलं. ताणाचं संप्रेरक, म्हणजे कॉर्टिसोल, दोन्ही गटांत उतरलं, पण माती हातात घेतलेल्यांचं जास्त उतरलं. अर्धा तास, एवढंच. एकराची शेती लागली नाही.

आधी हे जमवा

सामान:
- पसरट टब किंवा ट्रे, सहा इंच खोल, तळाला भोकं असलेला (जुना प्लास्टिकचा टबही चालतो, गरम सळईने भोकं पाडा)
- लाल माती, गांडूळखत किंवा चांगलं कुजलेलं शेणखत, कोकोपीटची (नारळाच्या काथ्याच्या भुशाची) वीट, पाव किलो निंबोळी पेंड
- खुरपं, बारीक भोकांची झारी, हातमोजे, नाकाला मास्क
- स्वयंपाकघरातली मेथी, दोन चमचे
- एक वही

कागद (फक्त गच्ची किंवा सोसायटीची सामाईक जागा वापरणार असाल तर):
- सोसायटीच्या सचिवांच्या नावे अर्ज, सोबत कुंड्या कुठे ठेवणार त्याचा साधा आराखडा
- गळती झाली तर दुरुस्ती करून देईन असं हमीपत्र
- इमारत जुनी असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरचा अभिप्राय
- भाड्याने राहत असाल तर घरमालकांची लेखी संमती

१. वाईट दिवसाचं माप घ्या

नर्सरीत जाण्याआधी घरी बसून एका प्रश्नाचं उत्तर वहीत लिहा: गेल्या महिन्यातल्या माझ्या सगळ्यात वाईट दिवशी मी घरातलं किती काम करू शकले? ताप होता, मन बसलं होतं, ऑफिसातून नऊला घरी आलात, तो दिवस आठवा. त्या दिवशी जेवढ्या कुंड्यांना पाणी घालणं जमलं असतं, तेवढीच तुमची बाग. माझं उत्तर आलं होतं एक.

आपण रोपं घेतो ती बहुधा बऱ्या दिवशी. सुट्टी असते, ऊन छान असतं, मन उमललेलं असतं. मग आठवडा सुरू होतो आणि सांभाळायची वेळ थकलेल्या माणसावर येते. बाग मोठी असेल तर तीही एक राहिलेलं काम होऊन बसते, आणि राहिलेल्या कामांचा ढीग तर आपल्याकडे आधीच आहे. एक कुंडी तीन महिने नीट सांभाळता आली की दुसरी आणा. हाच वेग ठेवा, कोणी कितीही फुकट रोपं देऊ केली तरी.

२. ऊन मोजा, अंदाज करू नका

एका रविवारी सकाळी ८, १०, १२, २ आणि ४ वाजता बाल्कनीत जा आणि जिथपर्यंत थेट ऊन आलंय तिथे खडूने रेघ मारा. चार तास ऊन येत असेल तर पालेभाज्या होतात. मोगरा, जास्वंद, मिरचीला पाच-सहा तास हवेत. दोन तासही येत नसेल तर मनी प्लांट, स्नेक प्लांट यांच्यावर सुरुवात करा, त्यात कमीपणा काही नाही. पश्चिमेच्या बाल्कनीत दुपारनंतरचं ऊन चटके देतं, तिथे मार्च ते मे हिरवं शेडनेट लागतंच.

आता दक्षिणेच्या बाल्कनीची एक गोष्ट, जी मला कोणी सांगितली नव्हती. मुंबई-ठाण्याकडे मेच्या मध्यावर आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो. या दोन दिवसांच्या मधल्या काळात दुपारचा सूर्य आपल्या डोक्यावरून उत्तरेकडे सरकलेला असतो. त्यामुळे डिसेंबरात उन्हाने भरून जाणारी दक्षिणेची बाल्कनी जूनमध्ये जवळजवळ बिनउन्हाची राहते. माझ्या चौदा रोपांत तीन गुलाब होते आणि मी ते मेच्या शेवटी आणले होते. म्हणून उन्हाचं माप दर तीन महिन्यांनी पुन्हा घ्या.

३. वजन, गळती, शेजारी

ओल्या मातीने भरलेली बारा इंची कुंडी सहज वीस किलोच्या वर जाते. अशा दहा कुंड्या म्हणजे बाल्कनीत तीन माणसं कायमची उभी. जड कुंड्या भिंतीच्या कडेला किंवा खाली तुळई असेल तिथे ठेवा, मध्यभागी नको. कठड्यावर कुंडी ठेवू नका. चौथ्या मजल्यावरून पडलेली छोटी कुंडीसुद्धा खालच्या माणसाचा जीव घेऊ शकते.

गच्ची सगळ्या सभासदांची असते. आधी चार कुंड्या नेऊन ठेवायच्या आणि मग बघू, असं केलंत तर पहिल्या पावसात कोणाच्या तरी छताला ओल येईल आणि दोष तुमच्या कुंड्यांवर येईल, कारण काहीही असो. लेखी परवानगी घ्या, कुंड्या विटांवर किंवा स्टँडवर उचलून ठेवा, पाण्याच्या निचऱ्याची जाळी मोकळी ठेवा.

खालच्या मजल्यावर कपडे वाळत असतात. कुंडीखाली थाळी ठेवा, म्हणजे गढूळ पाणी तिथे जाणार नाही. पण थाळीतलं पाणी आठवड्यातून दोनदा ओता. डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्यातून नवे डास उडायला लागतात.

४. माती कालवा

नर्सरीतल्या रेडीमेड पिशवीपेक्षा माती स्वतः कालवलेली बरी. तेवढा पाऊण तास हातांना मिळतो. चार वाटे लाल माती, तीन वाटे खत, तीन वाटे कोकोपीट, एका टबाला मूठभर निंबोळी पेंड. कोकोपीटची वीट बादलीत भिजवून एक-दोनदा पिळून घ्या, तिच्यात क्षार असतात. पिशवी उघडल्यावर खत आधी थोडं ओलं करा, म्हणजे धूळ नाकात जाणार नाही. दमा असेल तर मास्क हवाच. मधुमेह असेल किंवा हातावर जखम असेल तर मोजे घालूनच काम करा, आणि धनुर्वाताची लस कधी घेतली होती ते आठवून ठेवा.

मूठ वळून बघा. माती लाडवासारखी धरली पाहिजे आणि बोटाने टोचली की सुटली पाहिजे. पाणी गळलं तर ओलं जास्त, वळलीच नाही तर कोरडं जास्त.

ओल्या कचऱ्याचं खत करायचं असेल तर तीन महिने थांबा. खताच्या डब्यात अळ्या झाल्या, वास सुटला की नवखा माणूस डब्यासकट बाग सोडून देतो. पण पुढे जरूर करा. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांनी आणि त्यांच्या प्रयोग परिवाराने घरच्या पालापाचोळ्यातून आणि स्वयंपाकघरातल्या काडीकचऱ्यातून माती कशी घडवायची हे लोकांना शिकवलं. मुंबई बंदर विश्वस्त मंडळाच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी त्याच वाटेने, स्वयंपाकघरातल्या उरल्यासुरल्यावर भाज्या आणि फळझाडं उभी केली. आपल्या घरातलं काही वाया जात नाही हे रोज हाताने अनुभवणं उदास मनाला फार धरून ठेवतं.

५. पहिली पेरणी मेथीची

मेथीच का, तर ती घरात असते, चौथ्या दिवशी दिसते आणि तीन आठवड्यांत काढायला येते. मन थकलेलं असताना आंब्याची वाट बघता येत नाही.

रात्री दोन चमचे मेथी पाण्यात घाला. सकाळी टबात माती सारखी करून दाणे विखरून टाका, वर अर्धा इंच माती पसरा, झारीने हलकं पाणी द्या आणि वर ओलं वर्तमानपत्र झाका. तिसऱ्या दिवशी कागद उचला.

त्या सकाळचं नीट सांगते. मातीचा वरचा पापुद्रा एका जागी तव्यावरच्या भाकरीसारखा फुगून वर आला होता. मी गुडघ्यावर बसून जवळून पाहिलं तर खाली वीस-पंचवीस पांढऱ्या माना वाकून, एकमेकींना टेकून तो पापुद्रा उचलत होत्या. संध्याकाळी ऑफिसातून आले तेव्हा माना सरळ झाल्या होत्या आणि एकीच्या दोन पानांच्या टोकावर मेथीचं पिवळं टरफल टोपीसारखं अडकलेलं होतं. ते काढावं म्हणून बोट पुढे केलं आणि मागे घेतलं. दुसऱ्या दिवशी टोपी आपसूक पडली. त्या रात्री दोनला जाग आली तेव्हा मनात बाबांचं हॉस्पिटल आलं नाही. पहिल्यांदा आलं ते हे, की टोपी पडली असेल का.

पावसाळ्यात मेथी उघड्यावर कुजते, टब आत घ्या. कोथिंबीर लावायची असेल तर धणे रगडून दोन फाका करा आणि आठ ते बारा दिवस धीर धरा.

६. रोजची वीस मिनिटं

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच. बाग वाढते ती पाण्याने आणि उन्हाने, पण माणूस सावरतो तो या वीस मिनिटांत. वेळ एकच ठेवा. माझी दूध तापवून झाल्यावरची, सकाळी सव्वासहाची. काहींना ऑफिसातून आल्यावरची बरी पडते. फोन आत राहू द्या.

पहिली पाच मिनिटं काहीही करू नका, फक्त बघा. काल नसलेली एक गोष्ट शोधा. नवीन पान, मुंगी, कोळ्याचा धागा, काहीही. पानं उलटी करून बघा. मग दोन पेरं बोट मातीत घाला. ओल लागली तर पाणी नाही. बोट कोरडं बाहेर आलं तर तळातून पाणी येईपर्यंत द्या. मग एकच छोटं काम: सुकलेली पानं खुडणं, माती भुसभुशीत करणं, एखाद्या फांदीला काडीचा टेकू लावणं. शेवटी वहीत एक ओळ. माझ्या वहीत कित्येक दिवस नुसतं "आज पाणी नाही" एवढंच आहे, आणि तेवढं पुरतं.

सापळा इथेच आहे. अस्वस्थ माणूस पाणी जास्त घालतो. काहीतरी केल्याचं समाधान पाहिजे असतं, म्हणून सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा झारी हातात येते. माझ्या अकरा रोपांपैकी निदान सहा अशी बुडून गेली. उपटून पाहिलं तर मुळं काळी, लिबलिबीत, गटाराचा वास. हात शिवशिवत असतील तर पानं ओल्या फडक्याने पुसा, जमीन पुसा, पण झारी ठेवून द्या.

७. दुसरं, तिसरं झाड निवडताना

आपलं मन कशात अडकतं ते बघून निवडा. ज्यांना झोप नाही त्यांनी वासाचं लावावं: पुदिना, गवती चहा, ओवा, ऊन असेल तर मोगरा. संध्याकाळी पान चुरडून हाताला वास लावला की दिवस संपल्याचं शरीराला कळतं. ज्यांना सारखी चिडचिड होते त्यांना खुडायची झाडं बरी, चिनी गुलाब किंवा झेंडू. वाळलेली फुलं काढावीत तेवढी नवी येतात. घरात ज्येष्ठ माणूस असेल तर कुंडी स्टुलावर ठेवा, वाकावं लागता कामा नये, आणि त्या कुंडीचा कारभार पूर्ण त्यांच्याकडे द्या, आपण सल्ला द्यायचा नाही. आईच्या हाती मी सदाफुली दिली. दोन आठवड्यांनी ती मला माझं पाणी चुकतंय ते सांगायला लागली.

लहान मुलं किंवा मांजर-कुत्रं असेल तर कण्हेर आणि डिफेनबाकिया (पांढऱ्या ठिपक्यांच्या रुंद पानांचं शोभेचं झाड) घरात आणू नका, दोन्ही विषारी आहेत. मनी प्लांटही तोंडात गेलं तर जळजळ होते, ते उंच टांगा.

तुळशीबद्दल थोडं जपून सांगते. पहिलं रोप म्हणून बहुतेक जण तुळसच आणतात. पण मंजिऱ्या खुडल्या नाहीत, थंडी लागली, ऊन कमी पडलं की ती सुकते, आणि दुःखात असलेल्या घरात सुकलेली तुळस अपशकुनासारखी मनात रुतते. आमच्याकडे तसंच झालं होतं. पाणी-उन्हाचा हात बसू द्या, मग आणा.

महिन्यांचं गणित सोपं आहे. जून-जुलैत पुदिना आणि जास्वंदाचे छाट लावा, गवती चहाचा ठोंब लावा. ऑक्टोबरपासून पालेभाज्या, झेंडू, शेवंती. एप्रिल-मेमध्ये नवीन काही विकत घेऊ नका. फेब्रुवारीच्या सुमारास भायखळ्याच्या राणीच्या बागेत महापालिकेचं उद्यान प्रदर्शन भरतं, तिथे जरूर जा, पण पहिल्या वर्षी रिकाम्या हाताने परत या.

८. अळी दिसली तर

कढीपत्त्यावर एके दिवशी पक्ष्याच्या विष्ठेसारखा ठिपका दिसला. नखाने काढायला गेले तर तो हलला. ती अळी होती. आठवड्याभरात ती हिरवीगार झाली, बोट लावलं की डोक्यामागून नारिंगी शिंगं बाहेर काढायची आणि उग्र वास सोडायची. निम्मा कढीपत्ता तिने खाल्ला. मी खाऊ दिला. कोष फुटून काळं फुलपाखरू बाहेर आलं तेव्हा मी ऑफिसला उशिरा गेले. आपल्या राज्याचं फुलपाखरू ब्लू मॉर्मनही याच कुळातलं, त्याच्या अळ्या लिंबाच्या पानांवर वाढतात.

मावा (पानांना चिकटून रस शोषणारे बारीक किडे) आणि पिठ्या ढेकूण (कापसासारखी पांढरी कीड) मात्र वाढू देऊ नका. आधी पाण्याचा जोरदार फवारा, मग लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि दोन-चार थेंब भांड्यांचा साबण, संध्याकाळी. बंद बाल्कनीत रासायनिक कीटकनाशक मारू नका. ते वाऱ्याने घरात येतं आणि खायची पानं तर आपणच खुडणार असतो.

९. झाड मेलं तर

मरणारच आहे एखादं. त्या दिवशी वहीत तारीख आणि कारण लिहा: पाणी, ऊन, कीड, की माहीत नाही. "माझ्यामुळे" हे कारण लिहायचं नाही. उपटा, मुळं बघा, वाळवून पालापाचोळ्यात टाका, माती उन्हात पसरा. रिकामी कुंडी आठवडाभर रिकामीच राहू द्या, लगेच बदली रोप आणायला धावू नका. मेथीची मला आणखी एक गोष्ट आवडते: ती काढायचीच असते. दर तीन आठवड्यांनी टब मोकळा होतो, आणि मोकळा टब बघायची सवय डोळ्यांना लागते.

१०. डॉक्टरांच्या जागी कुंडी ठेवू नका

बागकाम हा आधार आहे. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप-भूक गेली असेल, कशातच मन लागत नसेल, जगणं नको वाटत असेल तर आधी माणसाशी बोला. केंद्र सरकारची टेली मानस ही मानसिक आरोग्याची फोन सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. गोळ्या चालू असतील तर बरं वाटतंय म्हणून मनाने थांबवू नका, मीही थांबवल्या नव्हत्या. काही गोळ्यांनी ऊन लवकर बाधतं, गरगरतं. डॉक्टरांना विचारून बागेची वेळ ठरवा.

११. गावाला जाताना

चार दिवसांसाठी सुती दोरीची युक्ती पुरते: एक टोक पाण्याच्या बाटलीत, दुसरं कुंडीच्या मातीत दोन इंच खोल, बाटली कुंडीपेक्षा थोडी उंचावर. निघण्याआधी दोन दिवस घरी करून बघा. त्याहून जास्त दिवस असतील तर माणूस लागतो.

गेल्या गणपतीत आम्ही नऊ दिवस गावी होतो. शेजारच्या काकूंकडे किल्ली दिली आणि कागदावर लिहून दिलं: बोट घालून बघा, ओल असेल तर पाणी नको. काकूंचे मिस्टर मार्चमध्ये गेले होते, तेव्हापासून त्या दार फारसं उघडत नसत. परत आले तर मी मोकळा ठेवलेला मेथीचा टब पेरलेला होता. काकूंनी घरातले धणे रगडून पेरले होते. माझ्या वहीत त्यांच्या अक्षरात नऊ ओळी होत्या, आणि शेवटची होती, "आज तीन दिसल्या."